काढायचा की राखायचा?

चौदा वर्षांचा मुलगा, वरचा पुढचा दात. गोदाघाटावरच्या ओल्या पायरीवरून पाय सरकला आणि तो तोंडावर आपटला, त्याला दोन महिने होऊन गेले. त्या दिवशी ओठ फाटला होता, हिरडीतून रक्त आलं होतं, दात जरासा आत गेला होता. ओठाला टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, दाताकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. आता तो दात राखाडी दिसतो. जिभेनं ढकलला की हलतो. त्याच्या वर हिरडीवर एक पुटकुळी आली आहे. ती फुटते, पू येतो, दोन दिवस बरं वाटतं आणि ती पुन्हा भरते. आईचं म्हणणं, फारसं दुखत नाही. वडिलांचं म्हणणं, काढून टाका आणि नवा बसवा, एकदाची कटकट मिटू द्या.

पंचवटी कारंजाच्या परिसरातल्या एका दवाखान्यात या मुलाच्या एक्स-रेवरून काका-पुतणीत मतभेद झाला. दोघंही दंतवैद्य. काकांनी चार दशकं दात काढले, भरले, कवळ्या बसवल्या. पुतणीनं रूट कॅनालच्या उपचारांत एमडीएस केलं आणि आता ती त्यांच्याच दवाखान्यात दुसरी खुर्ची मांडून बसते. ही दोघं आणि त्यांचे रुग्ण या लेखासाठी उभे केलेले आहेत. वाद मात्र रोजचा आहे, आणि मार लागलेला दात घेऊन दवाखान्याची पायरी चढणाऱ्या प्रत्येक घरानं तो एकदा नीट ऐकावा असा आहे. घाईत घेतलेला हा निर्णय चौदा वर्षांच्या मुलाला पुढची साठ वर्षं तोंडात वागवावा लागतो.

"काढ," काका म्हणाले. "रंग गेलाय, हलतोय, पू येतोय. आणखी काय बघायचं राहिलं?"

"काका, तिन्ही लक्षणं एकाच दुखण्याची आहेत. आपटला तेव्हा मुळाच्या टोकाशी नस तुटली. रक्त पोचेना, आतली नस मेली. दाताला पडलेल्या बारीक चिरांतून, फाटलेल्या हिरडीच्या कडेनं जंतू आत गेले. पू मुळाच्या टोकातून बाहेर हाडात उतरला आणि त्यानं हाड खाल्लं, म्हणून दात हलतोय. आतली घाण काढली तर हाड परत भरतं. दात घट्ट होतो."

"होतो. दरवेळी होत नाही."

"म्हणून तर आधी का हलतोय ते शोधायचं."

इथे थोडं थांबायला हवं, कारण घरात आणि पुष्कळदा दवाखान्यातही गफलत होते ती याच जागी. दाताचं मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं. दोघांच्या मध्ये साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो आणि दात त्यावर तोललेला असतो. मार बसल्यावर हे तंतू ताणले किंवा फाटले गेले तर दात लगेच हलायला लागतो. पण तो ताजा घाव असतो आणि नीट आधार मिळाला तर काही आठवड्यांत भरतो. कधी मूळच आडवं मोडलेलं असतं. मोड मुळाच्या मध्यावर किंवा टोकाकडे असेल तर चार आठवडे दात स्थिर धरून ठेवल्यावर तोही अनेकदा जुळून येतो. जंतुसंसर्ग झालाच तर मोडीच्या वरच्या, म्हणजे हिरडीकडच्या तुकड्याचंच रूट कॅनाल करावं लागतं. हिरडीच्या अगदी लगत मोडलं असेल तर प्रकरण अवघड. आणि मूळ उभं चिरलं असेल तर काकांचं म्हणणं बरोबर ठरतं, कारण उभ्या चिरेतून जंतूंचं येणंजाणं कुठलंही औषध थांबवत नाही. या मुलासारखं, पुवानं हाड पोखरल्यामुळे हलणं हा आणखी वेगळा प्रकार. बाहेरून बोट लावलं तर या सगळ्यांत दात सारखाच हलतो. फरक कळतो तो वेगवेगळ्या कोनांतून काढलेल्या दोन-तीन एक्स-रेंतून.

नस मेली आहे की नाही हे ठरवतानाही उतावीळपणा चालत नाही. मार बसल्यावर दाताला थंड लावून बघतात. जिवंत नसही धक्क्यानं काही काळ मुकी होते. तीन महिन्यांपर्यंत ती थंडाला प्रतिसाद देत नाही असं होऊ शकतं. म्हणून दंत-आघातावरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०२० सालची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की फक्त थंड लागत नाही एवढ्यावरून रूट कॅनालला हात घालू नये, सोबत दुसरं एखादं लक्षण हवं. या मुलाच्या बाबतीत ती शंका नव्हती. पुटकुळी होती, मुळाच्या टोकाशी एक्स-रेत काळी सावली होती.

काकांनी आपल्या बाजूनं थेट सुश्रुताला उभं केलं. पंचवटीत हे नाव परकं नाही. गणेशवाडीत आयुर्वेद सेवा संघाचं महाविद्यालय आहे आणि तिथले वैद्य काकांच्या ओळखीचे. "सुश्रुतानं हे केव्हाच सांगून ठेवलंय," ते म्हणाले, "हललेल्या दाताचा मोह धरू नये."

"कुणाच्या हललेल्या दाताचा? तुम्ही अर्धंच सांगताय."

ती खरं बोलत होती. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तिसरा अध्याय मोडलेल्या हाडांच्या उपचारांचा आहे. मार लागून हललेल्या दातांचा विचार तिथे केला आहे, आणि तो वय बघून केला आहे. तरुण माणसाचा दात मोडलेला नाही, नुसता हलला आहे आणि रक्त येतंय, तर तो दाबून जागेवर बसवावा, बाहेरून थंड लेप द्यावा, थंड पाण्यानं शिंपावं, सांधणारी औषधं वापरावीत. आणि रुग्णानं काही दिवस कमळाच्या देठातून दूध प्यावं, म्हणजे त्या दातावर चावण्याचा भार येत नाही. म्हाताऱ्या माणसाचे हललेले दात मात्र सोडून द्यावेत, असं पुढे म्हटलं आहे. आजचा दंतवैद्यही ताज्या मारानंतर याच क्रमानं जातो: दात जागेवर बसवणं, आधार देणं, पातळ-मऊ खाणं. कमळाच्या देठाऐवजी आता चमचा किंवा नळी एवढाच फरक.

"म्हणजे सुश्रुत तुझ्या बाजूला," काका म्हणाले.

"या मुलापुरता."

काका पुन्हा एक्स-रेकडे वळले. त्यांच्या नजरेला जे दिसलं होतं ते पुतणीनंही पाहिलं होतं, पण सांगायचं बाकी होतं. मुळाची कड एका बाजूला कुरतडल्यासारखी झाली होती. "हे बघ. मूळही खाल्लं जातंय. आज तू रूट कॅनाल करशील, वर्षभरात मूळच उरणार नाही. मग बापाला काय सांगशील?"

मार लागलेल्या दातात हा सर्वांत गंभीर प्रश्न असतो, आणि त्याचे दोन प्रकार वेगळे ओळखल्याशिवाय काकांना उत्तर देता येत नाही. पहिल्या प्रकारात आतल्या मेलेल्या नसेतले जंतू आणि त्यांचं विष मुळाच्या भिंतीतल्या सूक्ष्म नळ्यांतून बाहेर झिरपतं आणि शरीराच्या पेशी तिथलं मूळ खायला लागतात. लहान वयात हे फार वेगानं होतं. काही महिन्यांत मूळ निम्म्यावर येऊ शकतं. पण इथे कारण जंतू आहेत, आणि जंतू काढले की खाणं थांबतं. दात आतून उघडून सोडियम हायपोक्लोराइटनं धुवायचा, कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून काही आठवडे ठेवायचं, गरज असेल तर ते बदलत काही महिनेही थांबायचं. हाड आणि मूळ स्थिरावल्याचं एक्स-रेत दिसलं की कायमचं भरायचं. कॅल्शियम हायड्रॉक्साइड दंतवैद्यकात आलं १९२० साली, आणि शंभर वर्षांनंतरही या कामात त्याचं स्थान टिकून आहे.

दुसरा प्रकार तंतूंचा थरच मरून गेल्यावर होतो. मूळ आणि हाड एकमेकांना चिकटतात आणि मग शरीर त्या मुळाला हाड समजून हळूहळू बदलत जातं. असा दात हलत नाही, उलट प्रमाणाबाहेर घट्ट असतो, आणि त्यावर ठोकलं तर धातूवर ठोकल्यासारखा खणखणीत आवाज येतो. हे थांबवणारा उपाय आजही नाही.

"या मुलाचा दात हलतोय," पुतणी म्हणाली. "तुम्हाला जी वाईट बातमी वाटते ती इथे चांगली आहे. चिकटलेला नाही. जंतूंनी खाल्लंय, आणि जंतू मी काढू शकते."

हा भेद स्पष्ट करण्यात कोपनहेगनच्या येन्स ऊवे आंद्रेआसन यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. दातांच्या आघातावरचं त्यांचं पुस्तक १९७२ साली आलं आणि जगभरच्या दंतवैद्यांनी मार लागलेला दात कसा बघायचा हे त्यातून शिकून घेतलं. २०२० साली ते वारले. ज्या दातांना पूर्वी पकड लागायची त्यांतले असंख्य दात या माणसाच्या चिकाटीमुळे राहिले.

काकांचा खरा मुद्दा यानंतर आला, आणि तो दाताचा नव्हता.

"तू पुस्तकातलं सगळं बरोबर सांगतेस. मी तुला माणसं सांगतो. पेठहून, सुरगाण्याहून, दिंडोरीच्या पुढून लोक येतात. एका फेरीत दिवस जातो, रोज बुडतो. रूट कॅनालसाठी चार फेऱ्या सांगितल्या तर दुसऱ्या फेरीलाच माणूस येत नाही, कारण ठणका थांबलेला असतो. मग अर्धवट उघडलेला दात घेऊन तो वर्षभर फिरतो आणि एक दिवस गालफड सुजवून येतो. मी तेवढं पाहिलंय. मी दात काढला की त्याचं दुखणं त्याच दिवशी संपतं. पुन्हा आला नाही तरी त्याचं वाईट होत नाही."

पुतणीकडे याला झटपट उत्तर नव्हतं, आणि असायलाही नको. परतून न येणारा रुग्ण ही ग्रामीण आणि निमशहरी दंतवैद्यकातली सर्वांत मोठी अडचण आहे, आणि उपचाराची निवड करताना ती मोजलीच पाहिजे. रूट कॅनालची खात्री दातावर असते तेवढीच पुढच्या भेटींवर असते. मार लागलेल्या दातासाठी तर रूट कॅनाल पूर्ण झाल्यावरही तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं आणि त्यानंतर काही वर्षं दरवर्षी एक्स-रे काढून बघावं लागतं. हे ज्याला शक्यच नाही त्याला फक्त दात वाचवण्याचा सल्ला देऊन सोडणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं.

पण काकांच्या युक्तिवादात एक अर्धसत्य आहे, आणि त्यावर बोट ठेवणं भाग आहे. दात काढल्यावर दुखणं संपतं. प्रश्न संपत नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या पुढच्या दाताच्या जागी काय बसवणार?

"इम्प्लांट," वडील मध्येच म्हणाले. ते इतका वेळ ऐकत उभे होते. "सगळे तेच करतात ना आता?"

"आत्ता नाही करता येणार, दादा," पुतणी म्हणाली. "त्याचा जबडा अजून वाढतोय."

स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनमार्क यांनी १९६५ साली पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले तेव्हापासून इम्प्लांटनं असंख्य लोकांना चावायला दात दिले आहेत. पण टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, आणि हेच वाढत्या वयात अडचणीचं ठरतं. शेजारचे दात जबड्याबरोबर खाली सरकत राहतात, इम्प्लांट वाढत्या झाडात ठोकलेल्या खिळ्यासारखं जागच्या जागी राहतं. काही वर्षांत तो दात इतरांपेक्षा आखूड आणि वर चढलेला दिसतो. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत थांबतात, आणि पुढच्या दातांसाठी तर अठरानंतरही आणखी थांबणं शहाणपणाचं मानलं जातं. या मुलाला दात आज काढला तर किमान पाच-सहा वर्षं काढता-घालता दात वापरावा लागेल, किंवा मागून पातळ पंख चिकटवून बसवायचा दात लावावा लागेल. कॅप घालून तीन दातांचा ब्रिज करायचा तर शेजारचे दोन निरोगी दात घासावे लागतील, आणि कोवळ्या दातांत नस मोठी असते, घासताना तिलाच इजा व्हायची.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हाड. दात गेला की त्याच्या भोवतीचं हाड, विशेषतः ओठाकडची पातळ भिंत, झिजायला लागते. पहिल्याच वर्षात पुष्कळ झिजते. मुलगा विसाव्या वर्षी इम्प्लांटसाठी आला तर तेव्हा आधी हाड भरण्याची शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता मोठी. खराब झालेला का होईना, स्वतःचा दात तिथे राहिला तर तो हाड धरून ठेवतो. इतकंच काय, मूळ हाडाला चिकटून दात अखेर वाचणार नाही असं ठरलं तरी वाढत्या मुलात वरचा भाग कापून मूळ हाडातच ठेवण्याची पद्धत आहे. स्वीडिश दंतवैद्यांनी ती १९८०च्या दशकात मांडली. मूळ हळूहळू विरघळतं आणि तिथे हाडाची रुंदी टिकते. ऑस्लोत तर वाढत्या मुलांची उपदाढ काढून पुढच्या दाताच्या जागी रोवण्याचं काम कित्येक दशकं चाललं आहे. योग्य वयात, मूळ पूर्ण तयार व्हायच्या आत केलं तर तो दात जबड्याबरोबर वाढतोही. आपल्याकडे हे अजून दुर्मीळ आहे.

हे सगळं ऐकून काकांनी मान डोलावली, हार मात्र मानली नाही. "म्हणजे तू दात साठ वर्षांसाठी राखत नाहीस. सहा वर्षांसाठी राखतेस."

"सहा मिळाली तरी पुरेत. साठ मिळाली तर उत्तम."

या वाक्यात पुतणीची बाजू पूर्ण येते आणि ती योग्य आहे. वाढत्या वयातल्या मुलाचा मार लागलेला, संसर्ग झालेला दात उभा चिरलेला नसेल तर आधी राखायचाच प्रयत्न करावा. तो प्रयत्न फसला तरी मधल्या वर्षांत हाड वाचतं, चेहऱ्याची ठेवण राहते, आणि मुलगा शाळेत ओठ मिटून हसायला शिकत नाही.

त्याच दुपारी दुसरी रुग्ण आली: भाजी विकणारी, साठीच्या घरातली बाई. मालेगाव स्टँडजवळ रिक्षातून उतरताना पडली, खालचे पुढचे दोन दात हलायला लागले, आता हिरडी सुजून पू येतोय. मधुमेह आहे. तीस वर्षं मशेरी लावते. काकांना वाटलं, इथे तरी वाद होणार नाही.

"मावशी, आधीपासून हलत होते का हो हे दात?" पुतणीनं विचारलं.

"थोडे थोडे. पडल्यावर जास्तीच."

एक्स-रेत मुळांभोवती जेमतेम एक चतुर्थांश हाड उरलं होतं. ते रिक्षातून पडण्याच्या कितीतरी आधी, हिरडीच्या जुन्या आजारानं गेलेलं. दात खळगीत खाली दाबला तर तो खालीही जात होता, आणि हलण्याची ही शेवटची पायरी. पुतणी म्हणाली, "हे काढायचे."

"बघ. सुश्रुताचा दुसरा भाग," काका म्हणाले.

"नाही काका. वय म्हणून नाही, हाड नाही म्हणून. याच वयाच्या बाईचं हाड शाबूत असतं आणि असाच मार लागला असता तर मी रूट कॅनाल केलं असतं."

इथे ती प्राचीन ग्रंथाच्या पुढे जाते, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा हाडात डोकावण्याचं साधन नव्हतं, वय हाच अंदाज होता. आज साठी उलटलेल्या कितीतरी माणसांच्या दाताभोवती हाड उत्तम असतं, आणि मशेरी-गुटख्यानं तिशीतच ते गेलेली माणसंही याच खुर्चीत बसतात.

पण या बाईच्या बाबतीत काकांची एक सवय पुतणीला मोडावी लागली. त्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहायला घेतल्या होत्या: सूज उतरू दे, मग काढू. कित्येक पिढ्यांचे दंतवैद्य असंच शिकले. आता उलट सांगितलं जातं: संसर्गाचं मूळ जितक्या लवकर काढाल, पुवाला जितक्या लवकर वाट द्याल तितकी सूज लवकर उतरते. अँटिबायोटिक रक्तातून जातं. मेलेल्या नसेत किंवा पुवाच्या पिशवीत रक्तच पोचत नाही, मग औषध पोचणार कसं? ताप आला असेल, सूज पसरत असेल, मधुमेहासारखं कारण असेल तर गोळ्या लागतात, पण दात साफ करण्याच्या किंवा काढण्याच्या सोबतीला. त्याच्या जागी नाही. "आधी साखर बघू या," पुतणी म्हणाली, "ठीक असेल तर आजच सुन्न करून काढू, आणि मग गोळ्या."

औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून दर दोन महिन्यांनी पू थोपवणारे लोक सर्वत्र आहेत, आणि खरं तर काका-पुतणीच्या वादात ते कुठल्याच बाजूला बसत नाहीत. काढणं हा उपचार आहे, राखणं हा उपचार आहे. गोळ्यांवर ढकलत राहणं हा उपचार नाही. लवंगेच्या तेलाचा बोळा ठणका तासभर कमी करतो, पण वारंवार लावला तर हिरडी भाजते. दुखऱ्या दातावर मशेरी दाबून धरण्यानं तर हिरडीचं नुकसानच होतं.

बाईनं जायच्या आधी विचारलं, "मागं वरची दाढ काढायची राहिलीय, ती काढली तर डोळ्याला काही होणार नाही ना?"

हा प्रश्न काकांनी चाळीस वर्षं ऐकला आहे, आणि या एका बाबतीत दोघांचं उत्तर एकच होतं. वरचा दात काढल्यानं नजर कमी होत नाही. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. उलट धोका असतो तो पू तसाच ठेवण्यात. वरच्या पुढच्या दातांचा पू वर पसरला तर नाकाच्या बाजूला आणि डोळ्याखाली सूज येते, पापणी मिटते. क्वचित हा संसर्ग शिरांवाटे मेंदूच्या तळापर्यंतही जातो. खालच्या दाढांचा पू जिभेखाली आणि गळ्यात उतरला तर श्वासाचा मार्ग दाबला जाऊ शकतो; या अवस्थेचं वर्णन १८३६ साली लुडविग या जर्मन डॉक्टरनं केलं आणि ती आजही त्याच्या नावानं ओळखली जाते. गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, लाळ गळते, आवाज घोगरा होतो, हनुवटीखाली दगडासारखी घट्ट सूज आहे, ताप चढतोय: यांतलं काही दिसलं तर दंतवैद्याची सकाळची वेळ होईपर्यंत थांबायचं नाही, रात्रीच मोठं रुग्णालय गाठायचं.

मुलाचे वडील अजून तिथेच होते. त्यांना एकच गोष्ट लागून राहिली होती. "पडला त्या दिवशीच आणलं असतं तर?"

"तर बहुतेक सोपं झालं असतं," पुतणी म्हणाली. मागे गेलेला दात सुन्न करून जागेवर आणता आला असता. ०.४ मिलिमीटरपेक्षा जाड नसलेली लवचीक तार शेजारच्या दातांना चिकटवून चार आठवडे आधार देता आला असता. नस या वयात बहुतेक मेलीच असती, कारण चौदाव्या वर्षी या दाताच्या मुळाचं टोक बंद झालेलं असतं आणि तुटलेली नस परत आत शिरत नाही. आठ वर्षांच्या मुलाचं टोक उघडं असतं, तिथे नस पुन्हा जगण्याची आशा धरून थांबता येतं. पण नस मेल्याचं वेळेत लक्षात आलं असतं तर पू होण्याआधी आणि मूळ खाल्लं जाण्याआधी रूट कॅनाल झालं असतं.

काकांनी यात आपली भर घातली, आणि ती घाटावरच्या माणसांसाठी मोलाची आहे. तरुणपणी ते असे दात जाड तारेनं करकचून बांधत आणि महिनोन्महिने तसेच ठेवत. अशा घट्ट बांधणीनं मूळ हाडाला चिकटण्याची शक्यता वाढते हे नंतर कळलं, तेव्हा त्यांनी पद्धत बदलली. आणि दात पूर्ण निखळून हातात आला तर? "लोक काय करतात सांगू? घासून पुसून स्वच्छ करतात, रुमालात गुंडाळतात, नाहीतर गंगेत धुतात." यातलं काहीच करायचं नसतं. कायमचा दात वरच्या पांढऱ्या भागाला धरायचा, मुळाला बोट लावायचं नाही, माती असेल तर दुधानं हलकेच विसळायचा आणि शक्य असेल तर तिथल्या तिथे खळगीत बसवून रुमाल चावून धरायचा. जमत नसेल तर कपभर दुधात टाकून दवाखाना गाठायचा. आंद्रेआसन यांनी १९६६ साली परत बसवलेल्या ११० दातांची पाहणी प्रसिद्ध केली होती. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या बहुतेक दातांची मुळं शाबूत राहिली. दोन तासांनंतर बसवलेल्या जवळजवळ सगळ्यांची खाल्ली गेली. दुधाचे दात मात्र परत बसवायचे नसतात, कारण खालच्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होते. रामकुंडाच्या आसपास चहाची टपरी दोन पावलांवर असते, दूध मिळायला वेळ लागत नाही. सिंहस्थात लाखो पावलं याच ओल्या पायऱ्यांवरून जातात. प्रथमोपचाराच्या स्वयंसेवकांना बँडेजबरोबर ही एक गोष्ट शिकवली तर कितीतरी दात वाचतील.

राहिला प्रश्न पेठ-सुरगाण्याच्या माणसाचा. काकांनी तो सोडला नव्हता. पुतणीनं मान्य केलं की ज्याला परतून येणं खरोखर अशक्य आहे आणि दात पुढचा नाही, अशा प्रौढ माणसाचा हलता, पू आलेला दात काढणं हाच प्रामाणिक सल्ला. पण आधी त्याला विचारायचं, गृहीत धरायचं नाही. शक्य तितकं एकाच बैठकीत करायचं. खर्च जड जात असेल तर मुंबई–आग्रा रस्त्यावरच्या कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा पत्ता द्यायचा. शिकवणाऱ्या रुग्णालयांत हेच उपचार खासगी दवाखान्यापेक्षा स्वस्त पडतात. आणि अर्धवट उपचार झालेल्या प्रत्येक रुग्णाला फोन करायचा.

"कोण करणार फोन?"

"मी करीन. यादी तुम्ही ठेवा."

काकांनी मुलाच्या केसपेपरवर तारखा लिहायला घेतल्या. वडिलांनी विचारलं, सहामाही परीक्षा जवळ आली आहे, तोवर किती वेळा यावं लागेल? पहिल्या महिन्यात दोनदा, काका म्हणाले, त्यानंतर तीन महिन्यांनी एक्स-रे. तोपर्यंत त्या दातानं पेरू किंवा ऊस तोडायचा नाही, ब्रश मात्र मऊ घेऊन रोज दोन्ही वेळा करायचा, आणि पुटकुळी पुन्हा दिसली तर तारखेची वाट न बघता यायचं. पुतणीनं सुन्न करण्याचं इंजेक्शन भरलं आणि मुलाला तोंड उघडायला सांगितलं.